नवा डेंगा

अच्युत मोघ्यांनी उभ्या जन्मात जिवंत खेकडा हातात धरला नव्हता, आणि तरीही दगडातल्या खेकड्यांवर त्यांनी सतरा पानांचा इंग्रजी निबंध लिहिला होता. यात काही वावगं आहे असं त्यांच्या मनातही आलं नाही. मोघ्यांच्या घरात खेकड्याचं नाव निघायचं ते फक्त राशिभविष्य वाचताना, कर्क राशीपुरतं. बाजारात कोळणीच्या पाटीजवळून जाताना ते धोतराचा सोगा उचलून धरत आणि मान दुसरीकडे करत. असा माणूस खेकड्याच्या पायांची पेरं मोजत बसतो म्हटल्यावर लोक हसणारच, पण ते दगड होते. दगडाला विटाळ नसतो.

मोघे मुंबईच्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्राचे डेमॉन्स्ट्रेटर होते. म्हणजे प्रोफेसरांनी शिकवायचं, मोघ्यांनी टेबलावर दगड मांडायचे, आणि तास संपला की तेच दगड पुसून कपाटात ठेवायचे. अकरा वर्षं हेच चाललं होतं. बेचाळीस साल उजाडलं आणि जपान्यांचे बॉम्ब पडणार म्हणून अर्ध्या मुंबईने गाशा गुंडाळला, तेव्हा मोघेही बायकोला, आनंदीबाईंना, घेऊन कर्जतजवळ दहिवलीला दोन खोल्यांत येऊन राहिले. बॉम्ब पडले नाहीत. पळालेले लोक पावसाळ्यापर्यंत आपापल्या चाळींत परतले. मोघे मात्र हटले नाहीत. रोज आगगाडीने कॉलेजात जायचे नि यायचे, आणि रविवार आला की सायकल काढून निघायचे.

ते विहिरी बघायला जात. कुठे नवी विहीर खणतायत असं कानावर आलं की मोघे तिथे हजर. या भागात सगळा काळा पत्थर. एके काळी जमिनीतून तापलेला रस वर आला, पसरला, निवला. मग केव्हातरी पुन्हा आला. पण दोन लोटांच्या मध्ये पुष्कळ काळ गेला असेल तर तेवढ्यात तळी साचत, गाळ बसत असे, आणि पुढचा लोट त्या गाळाला झाकून टाकत असे. काळ्या खडकांच्या मधोमध हातभर राखी पट्टी दिसली की ओळखायचं, इथे तळं होतं. अशा पट्ट्यांत गोगलगायी आणि तिळाएवढी शिंपलेवजा कवचं मिळतात हे मोघ्यांना ठाऊक होतं. खेकडा मात्र कुणालाच मिळाला नव्हता, निदान मोघ्यांच्या वाचनात तरी नाही.

कशेळ्याच्या अलीकडे मालोजी पाटलांच्या शेतात विहिरीचं काम चाललं होतं. मोघे काठावर उकिडवे बसून तासभर आत टक लावून बघत राहिले, तेव्हा मालोजींना वाटलं, हा पाणाड्याच असणार.

"पानी किती हातांवर लागंल, भटजी?" त्यांनी मोठ्या आशेने विचारलं.

"पाण्यातलं मला काही कळत नाही," मोघे म्हणाले.

मालोजींनी मग त्यांच्याकडे पुन्हा बघितलं नाही.

विहिरीच्या तळाशी एक ठाकर पहारीने ती राखी पट्टी उकलत होता. थर कांद्याच्या पापुद्र्यांसारखे सुटत होते. बायका डोक्यावर पाट्या घेऊन माती वर आणत होत्या. त्यातल्या एकीच्या पाटीत मोघ्यांना एक चपटा दगड दिसला आणि त्यांनी तिला थांबवलं. दगडात खेकडा होता. पाठ, आठ पाय आणि पुढचे दोन डेंगे, म्हणजे खेकडा ज्यांनी पकडतो ते पंजे, सगळं जागच्या जागी. उजवा डेंगा डाव्याच्या दुप्पट, आतल्या बाजूला जाडजूड दातांची रांग.

"हा कुणी वेगळा काढला?"

"आमच्या मानसानं," ती म्हणाली. "म्हनला, खेकडा हाय, फोडू नको."

"नाव काय तुझ्या नवऱ्याचं?"

तिने पदर तोंडाशी धरला आणि दुसरीकडे बघायला लागली. मागून येणारी बुधी, तिची शेजारीण, हसली आणि म्हणाली, "पोशा. ती कशी सांगंल, मास्तर? नवऱ्याचं नाव हाय. हिचं नाव पारू."

असा परिचय झाला. पोशाला दगड ओळखण्याचा नाद लागला, आणि पुढच्या वर्षभरात त्याने त्याच विहिरीतून आणि शेजारच्या ओढ्याच्या दरडीतून मिळून, पहिला धरून, पाच खेकडे काढले. चारांचा उजवा डेंगा दांडगा होता. पाचवा जरा निराळा निघाला. पाठ तशीच, पाय तसेच, पण उजवा डेंगा बारीक, सडपातळ, आणि आतून अगदी गुळगुळीत, दाताचं नाव नाही. मोघे आठ दिवस त्या एका डेंग्यावर भिंग धरून बसले. मग त्यांनी ठरवलं की ही दुसरी जात.

पोशा त्रेचाळीसच्या भाद्रपदात हिवतापाने गेला. लढाईमुळे क्विनाइन मिळत नव्हतं. मोघ्यांनी कॉलेजातल्या ओळखीपाळखी काढून चार गोळ्या मिळवल्या आणि सायकल मारत वाडीवर नेऊन दिल्या. चार गोळ्यांनी काय होणार? पोशा घोंगडीत कुडकुडत पडला होता, तरी शुद्धीवर होता.

"त्या खेकड्याला काय म्हनायचं मंग, मास्तर?" त्याने विचारलं.

"तुझंच नाव देतो."

पोशा हसला. "दगडातला हाय म्हनून बरं. चावला असता तं लोकांनी मला शिव्या घातल्या असत्या."

तिसऱ्या दिवशी तो गेला. मोघ्यांनी दिलेला शब्द तेवढा मागे राहिला.

निबंध लिहायला वर्ष लागलं. प्राण्याला शास्त्रात नाव देतात ते दोन शब्दांचं: आधी कुळाचं, मग त्याचं स्वतःचं. म्हणजे आपल्या उलट, आडनाव पुढे आणि नाव मागे. दांडग्या डेंग्याच्या जातीला मोघ्यांनी आपल्या प्रोफेसर कीर्तन्यांचं नाव दिलं, 'कीर्तनेई'. बारीक डेंग्याच्या जातीला पोशाचं, 'पोशाई'. त्या दुसऱ्या जातीवर तर त्यांनी दीड पान खर्ची घातलं होतं. एवढ्या नाजूक डेंग्याने शिकार होणं शक्य नाही, तेव्हा हा प्राणी शेवाळ आणि पालापाचोळा खाऊन राहत असावा, असा त्यांचा निष्कर्ष होता. मोघे स्वतः शाकाहारी, त्यांच्या हातून एक खेकडाही शाकाहारी झाला.

प्रोफेसर कीर्तने भले गृहस्थ होते, पण त्यांचा सगळा जन्म काळ्या पत्थरात गेला होता. खेकड्यातलं त्यांनाही मोघ्यांइतकंच कळत होतं. आपलं नाव एका जीवाला लागणार म्हणून ते हरखून गेले. क्लबात चार जणांना सांगूनही आले. येत्या जूनमध्ये लेक्चररची जागा रिकामी होत होती, आणि त्यांनी मोघ्यांना हाक मारून सांगितलं, "यंदा तुमचं नाव मी पुढे करतोय." चौदा वर्षांत ही हाक प्रथमच आली होती. आनंदीबाईंनी त्या दिवशी शिरा केला.

पंचेचाळीसच्या पौषात छापखान्यातून प्रुफं आली. चुका दुरुस्त करून पंधरा दिवसांत परत पाठवायची होती. चित्रांचं पानही सोबत होतं. ते पान पोशाच्या बायकोला दाखवायचं, तुझ्या नवऱ्याचं नाव छापलं म्हणून सांगायचं, या उत्साहात मोघे पुढच्याच रविवारी ठाकरवाडीवर गेले.

पारू नुकतीच ओढ्यावरून आली होती. टोपलीत खेकडे खळबळत होते. मोघ्यांनी अंगणात, टोपलीपासून जरा लांबच बसून घेतलं आणि चित्रांचं पान तिच्यापुढे धरलं.

"हे बघ. हा एक, आणि हा दुसरा. या दुसऱ्याला तुझ्या माणसाचं नाव दिलंय."

पारूने हात पदराला पुसले आणि पान जमिनीवर ठेवून बराच वेळ बघितलं. आधी एका चित्रावर बोट ठेवलं, मग दुसऱ्यावर.

"ह्ये दोन कशाला, मास्तर? योकच हाय."

"एकच कसा? याचा डेंगा बघ."

"डेंगा नवा हाय ना त्येचा."

"नवा म्हणजे?"

मग पारूने त्यांना सांगितलं, आणि सांगताना तिला नवल वाटत होतं की एवढी साधी गोष्ट मास्तरांना कशी ठाऊक नाही. खेकडा बिळातून काढला की पहिल्यांदा त्याचा मोठा डेंगा मोडायचा, म्हणजे चावायची भीती नाही. मग हातात घेऊन बघायचं. लहान असला, किंवा पोटाखाली पिल्लं असलेली मादी असली, तर पुन्हा पाण्यात सोडून द्यायचं. वाडीची ही रीतच होती. सोडलेल्याला नवा डेंगा फुटतो. आधी कोंबासारखा येतो, मग कवच बदललं की वाढतो. पण पहिल्या खेपेला बारीकच असतो, नि त्याला दात नसतात.

"येकमेकांशी भांडले तरीबी मोडतात," ती म्हणाली. "म्हनून काय त्यो दुसरा खेकडा व्हतो? आमच्या वाडीतल्या शुक्राचं बोट सुरुंगात गेलं, त्यो काय दुसरा मानूस झाला?"

तिने टोपलीत हात घातला आणि एक खेकडा पाठीकडून धरून वर काढला. डावा डेंगा मोडून टाकलेला, उजवा बारीक, चकचकीत, फिकट.

"घाला बोट."

"काय?"

"घाला वो. काय व्हत नाय."

मोघ्यांनी डोळे मिटून उजव्या डेंग्यात करंगळी घातली. खेकड्याने चावायचा मनापासून प्रयत्न केला. चिमटासुद्धा धड बसला नाही. मोघ्यांनी डोळे उघडले, खिशातलं भिंग काढलं, आणि सोवळंओवळं सगळं विसरून ते त्या टोपलीवर वाकले. सातांपैकी दोघांचा डेंगा नवा होता. दोन्ही गुळगुळीत. दोन्हींचा आकार त्यांनी आठ दिवस भिंगाखाली बघितला होता तोच.

सतरा पानांतली दीड पानं गेली. ती गेली याचं दुःख त्यांना फारसं झालं नाही, उलट एवढं छपाईच्या आधी कळलं म्हणून त्यांना हायसं वाटलं. पण कर्जतच्या वाटेवर सायकल चढाला लागली आणि दुसरी गोष्ट लक्षात आली. खेकडा एकच. मग नावही एकच राहणार.

पारूला त्यांनी यातलं काही सांगितलं नव्हतं. तिने आपल्याच तोंडाने नवऱ्याची जात खोडली होती, आणि तिला त्याचा पत्ता नव्हता.

घरी त्यांनी अंगणातल्या विहिरीवर डोक्यावरून पाणी घेतलं आणि मगच उंबरा ओलांडला. आनंदीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या शास्त्र शिकल्या नव्हत्या, पण चौदा वर्षं मोघ्यांचा संसार केला होता.

"नियम काय सांगतो?" त्यांनी विचारलं.

"छापून झालं असतं तर नियम. अजून छापलं नाही. कुठलंही ठेवता येईल."

"चांगला, धडका खेकडा कुणाच्या नावाचा?"

"कीर्तन्यांच्या."

"आणि मोडका पोशाच्या. मग विचार कसला करायचा? मोडका खोडायचा. गेलेल्या माणसाला काही कळायचं नाही, आणि जूनमधली जागा ज्यांच्या हातात आहे त्यांना लगेच कळेल." मग त्या म्हणाल्या, "मला वाईट वाटत नाही असं समजू नका. पण आपण आणखी किती वर्षं दगड पुसायचे?"

मोघ्यांनी लाल पेन्सिल घेऊन 'पोशाई' या शब्दाभोवती हलकं वर्तुळ काढलं. खोडलं मात्र नाही. निदान तिला आधी सांगावं, एवढी सभ्यता आपल्यात असावी, असं त्यांनी स्वतःला बजावलं. खरं तर त्यांना धीर होत नव्हता.

पुढच्या रविवारी ते पुन्हा वाडीवर गेले. पारू कुडाला शेण सारवत होती. मोघ्यांनी उभ्या उभ्याच सांगून टाकलं: तू म्हणालीस तेच खरं, खेकडा एकच आहे, त्यामुळे नाव एकच राहील, आणि ते पोशाचं नसेल. कॉलेजातल्या मोठ्या साहेबांचं असेल.

ती रागावेल, निदान तोंड फिरवेल, अशी त्यांनी तयारी ठेवली होती. पारू शेणाचा हात तसाच धरून ऐकत राहिली.

"बरं," ती म्हणाली.

"तुला काही वाटत नाही?"

"वाटून काय करू? मी बोलले नसते तं ऱ्हायलं असतं, व्हय ना?" तिने पुन्हा सारवायला सुरुवात केली. "आमाला पोर झालं नाय, मास्तर. सासू व्हती तवर ती हाक मारायची. ती गेली. पोरं असती तं कुनाचा पोर म्हनून लोकांनी नाव घेतलं असतं. आता वाडीत त्येंचं नाव निगत नाय. मला तं घेताच येत नाय. जित्यापनी घेतलं नाय, आता कसं घेऊ?"

ती हे तक्रार म्हणून बोलत नव्हती. दुष्काळात विहीर आटली हे सांगावं तसं सांगत होती. मोघे "येतो" म्हणाले आणि निघाले.

घरी येऊन त्यांनी प्रुफं काढली. दीड पानांवर काट मारली. समासात लिहिलं की पाचव्या नमुन्याचा उजवा डेंगा तुटून नव्याने फुटलेला आहे, आणि ही गोष्ट लेखकाच्या लक्षात पारू नावाच्या ठाकर बाईने आणून दिली. मग पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, जिथे जिथे 'कीर्तनेई' होतं तिथे तिथे ते खोडलं आणि वर स्वच्छ अक्षरात 'पोशाई' लिहिलं. एकूण एकवीस ठिकाणी. आनंदीबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी एकदा मान वर करून कागदाकडे बघितलं, आणि मग पुन्हा खडे वेचायला लागल्या. रात्री त्यांनी नेहमीपेक्षा जरा आदळआपट करत जेवणाची पानं मांडली, बस.

प्रोफेसर कीर्तन्यांना मोघ्यांनी स्वतः जाऊन सांगितलं. खेकडा एकच निघाला आणि तो ज्याने काढला त्याचं नाव त्याला दिलं, असं सांगितलं. कीर्तने म्हणाले, "शास्त्राच्या दृष्टीने योग्य असेल ते करा." पुढे त्यांनी हवापाण्याच्या गोष्टी केल्या, चहासुद्धा पाजला. जूनमध्ये लेक्चररची जागा नागपूरहून आलेल्या एका तरुणाला मिळाली. मुलगा हुशार होता, त्याबद्दल कुणाला काही म्हणता आलं नसतं. मोघ्यांनी त्याच्यासाठीही टेबलावर दगड मांडायला सुरुवात केली.

लढाई संपली. नियतकालिकाचा अंक दिवाळीच्या सुमारास छापून आला. मोघ्यांना त्याच्या पंचवीस प्रती मिळाल्या. एक त्यांनी कापडी पिशवीत घातली आणि सायकल काढली. आनंदीबाईंनी पिशवीत न बोलता चार करंज्यांची पुरचुंडीही ठेवली.

वाडीवर नाचणीची झोडणी चालली होती. पारू अंगणात कणसं बडवत होती. शेजारच्या खोपटाशी बुधी सूप घेऊन पाखडत बसली होती. मोघ्यांनी आधी करंज्या दिल्या, मग अंक काढला आणि चित्रांचं पान उघडलं. आता त्यावर पाच खेकडे होते आणि खाली एकच नाव.

"काय ल्हिलंय?" पारूने विचारलं.

मोघ्यांनी वाचून दाखवलं. आधी कुळाचं लांबलचक नाव, मग 'पोशाई'.

"शेवटचं ते काय?"

"तुझ्या माणसाचं नाव. मागचं 'ई' हे शेपूट शास्त्राच्या पद्धतीचं."

"आन त्ये साहेब?"

"त्यांना नावाची काही कमतरता नाही."

पारूने काठी खाली ठेवली. पान गुडघ्यावर घेऊन तिने नव्या डेंग्याच्या खेकड्यावर बोट टेकलं.

"मास्तर, ह्ये आता खेकड्याचं नाव हाय ना?"

"हो. जगात कुठेही गेलं तरी या खेकड्याला हेच म्हणायचं."

"समद्यांनी?"

"समद्यांनी."

"बायांनीबी?"

मोघ्यांना प्रश्न कळला नाही. "बायांनीसुद्धा," ते म्हणाले. "खेकड्याचं नाव घ्यायला बंदी कसली?"

पारूने इकडेतिकडे बघितलं. घसा खाकरला. आणि मग, पंचवीस वर्षं ज्याच्यासोबत काढली त्याचं नाव तिने उभ्या जन्मात पहिल्यांदा तोंडातून काढलं.

"पोशा," ती म्हणाली.

आवाज जरा फाटलाच. तिने पुन्हा म्हणून बघितलं, आता नीट, शेतातून जेवायला हाक मारावी तसं. "पोशा." मग पान दोन्ही हातांनी वर धरून ती ओरडली, "बुधे, ए बुधे! हिकडं ये गं! पोशा बघ!"

बुधी हातातलं सूप टाकून धावत आली.